हेडलाईट मंद झाली म्हणून चालू गाडीत बॅटरीची वायर काढू नका

हेडलाईट मंद झाली की कोणीतरी हमखास सांगतं, इंजिन चालू ठेव आणि बॅटरीची वायर काढ, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) गेला, नाहीतर बॅटरी खराब. कृपा करून हे करू नका. जुन्या डायनॅमोच्या गाड्यांत खपून जायचं, पण आताच्या गाडीत चार्जिंग चालू असताना बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर ४०-५० व्होल्टच्याही वर उसळू शकतं, आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) किंवा अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. वर एवढं करून कळत काहीच नाही, अर्धवट चार्ज करणारा अल्टरनेटरही इंजिन चालू ठेवतो.

साधा मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) घ्या. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५. लाईट, ब्लोअर लावून जरा रेस दिल्यावरही १३ च्या खालीच राहिलं तर अल्टरनेटरचा बेल्ट, ब्रश आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बघा.

बॅटरीवर आकडा बरोबर आणि तरी लाईट मंद, तर नवीन बॅटरी घेऊन पैसे घालवू नका, बहुतेकदा अर्थिंगचा, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे करंट परत नेणाऱ्या जोडणीचा घोळ असतो. लाईट चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी बल्बच्या अर्थच्या पिनला लावा, अर्धा व्होल्ट दिसला तर बॉडीला जिथे ती वायर बोल्टने बसवलीय तिथला गंज, रंग घासून काढा. हॅलोजनला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तरी उजेड साधारण ३० टक्के घटतो, म्हणून हा अर्धा व्होल्ट सोडू नका.