चष्म्याच्या विशेष काचांचे मेडिकल बिलिंग (नागपूर)

अमेरिकेतील रुग्णांना दिलेल्या चष्म्याच्या काचांचे विमा दावे नागपुरातील बिलिंग कार्यालयांत बसून तयार करण्याचे काम. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा नागपुरात उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात, म्हणून हे काम मुख्यतः रात्रपाळीचे. आपल्याकडच्या मेडिक्लेममध्ये चष्म्याचा खर्च सहसा बसत नाही आणि सीताबर्डीवरच्या दुकानाची पावती फ्रेम व काचा एवढ्यावर संपते. त्यामुळे नव्या माणसाला सर्वांत आधी शिकावे लागते ते हे, की इथे प्रत्येक डोळ्याच्या काचेचा हिशेब वेगळा मांडायचा असतो.

मेडिकेअर (अमेरिकी सरकारची, मुख्यतः ज्येष्ठांसाठीची आरोग्यविमा योजना) साध्या नंबरच्या चष्म्याचे पैसे देत नाही. मोतीबिंदू काढून डोळ्यात कृत्रिम भिंग बसवल्यावर मात्र एक चष्मा मिळतो. दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि मधल्या काळात चष्मा घेतला नसेल, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर एकच जोडी मंजूर होते. हा चष्मा हरवला किंवा फुटला तर बदली मिळत नाही. भिंगच नसलेल्या डोळ्यासाठी नियम सैल आहेत, म्हणून निदानाचा कोड (कृत्रिम भिंगासाठी झेड९६.१, भिंग नसल्यास एच२७.०-) आधी पक्का करावा.

काचेचा कोड (‘व्ही’ने सुरू होणारा बिलिंगचा क्रमांक) चष्म्याच्या नंबरवरून ठरतो. काच बायफोकल, स्फेरिकल (मूळ नंबर) ४.०० पर्यंत आणि सिलेंडर (तिरकसपणाचा नंबर) ०.१२ ते २.०० असेल तर व्ही२२०३; सिलेंडर तेवढाच पण स्फेरिकल ४.२५ ते ७.०० असेल तर व्ही२२०७. खरी गफलत इथेच होते. +३.०० +१.५० × ९० आणि +४.५० −१.५० × १८० (क्रमाने स्फेरिकल, सिलेंडर आणि सिलेंडरची दिशा) ही एकच काच आहे, फक्त मांडणी वेगळी. पहिली मांडणी वाचली तर व्ही२२०३ येतो, दुसरी वाचली तर व्ही२२०७. नेत्रशल्यचिकित्सक बहुधा प्लस सिलेंडर लिहितात, लॅब मायनसमध्ये काच घडवते. फाईलमधील मांडणी आणि बिलातील कोड जुळले नाहीत तर ऑडिटमध्ये उत्तर देता येत नाही; म्हणून कोणत्या मांडणीवरून कोड काढला हे प्रत्येक फाईलमध्ये लिहून ठेवावे. जवळच्या नंबरची भर ३.२५ पेक्षा जास्त असल्यास व्ही२२२० जोडतात.

१ मार्च २०१९ पासून उजवी व डावी काच दोन स्वतंत्र ओळींत, आरटी (उजवी) आणि एलटी (डावी) मॉडिफायरसह, म्हणजे कोडला जोडायच्या दोन अक्षरी खुणांसह, प्रत्येकी एक नग अशी लिहावी लागते. एका ओळीत दोन नग टाकले की दावा परत येतो.

प्रोग्रेसिव्ह काचेचे (जिच्यात दूरचा व जवळचा नंबर मधे रेघ न दिसता हळूहळू बदलतो) पूर्ण पैसे मिळत नाहीत, पण ती दाव्यातून गाळायचीही नाही. साध्या बायफोकलचा किंवा ट्रायफोकलचा कोड आधी लावायचा आणि किमतीतला फरक व्ही२७८१ या दुसऱ्या ओळीत दाखवायचा. तो फरक रुग्ण भरतो. महागड्या फ्रेमचेही तसेच, व्ही२०२० आणि फरकासाठी व्ही२०२५. चमक रोखणारे अँटिरिफ्लेक्टिव्ह कोटिंग (व्ही२७५०), टिंट म्हणजे काचेला रंगछटा (व्ही२७४५) आणि मोठ्या आकाराची काच (व्ही२७८०) उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्याच रुग्णासाठी कारणासह लिहून दिली असेल तरच मंजूर होते. तेव्हा केएक्स हा मॉडिफायर लावतात; अट पूर्ण झाल्याचा पुरावा फाईलमध्ये आहे, असा त्याचा अर्थ. निव्वळ रुग्णाची आवड असेल तर ईवाय, म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेले नाही. केएक्स सवयीने लावू नये. कारण फाईलमध्ये सापडले नाही तर मिळालेले पैसे परत करावे लागतात.

पॉलिकार्बोनेट हे सहज न फुटणारे प्लास्टिक (व्ही२७८४) एकाच डोळ्याने कामापुरते दिसणाऱ्या रुग्णालाच मान्य आहे, आणि मग ते दोन्ही काचांना चालते. त्यावर पुन्हा अतिनील संरक्षणाचा व्ही२७५५ लावला की नाकारला जातो, कारण हे साहित्य ते संरक्षण स्वतःच देते. ओरखडे रोखणारे कोटिंग (व्ही२७६०) मेडिकेअरच्या कक्षेबाहेर आहे. व्ही२७९९ सारख्या ‘इतर’ कोडला वर्णन जोडले नाही तर दावा अडतो.

सेवेची तारीख म्हणजे चष्मा रुग्णाच्या हाती पडल्याची तारीख. तपासणीची किंवा ऑर्डरची नव्हे. पोच सहीसह जपावी. दावा त्या तारखेपासून बारा महिन्यांत जायला हवा. दावे तपासण्यासाठी मेडिकेअरने केलेल्या प्रादेशिक विभागांपैकी तो कोणत्या विभागाकडे पाठवायचा हे दुकानाच्या नव्हे, रुग्णाच्या कायम पत्त्यावरून ठरते: न्यूयॉर्कच्या रहिवाशाने हिवाळ्यात फ्लोरिडात चष्मा घेतला, तरी दावा न्यूयॉर्कच्या विभागाकडेच जातो.