खणातली खाण

मे महिन्यात आमच्या टीव्हीखालचा खण अडकला. लाकूड फुगून खण अडकतात ते पावसाळ्यात. नागपुरात पारा ४५ अंशांवर असताना त्याला तसं काही कारण नव्हतं. हिसका देऊन उघडला, तर आत घरातले पाच निवृत्त फोन आणि त्यातल्या एकाची पाठ उचकटून वर आलेली. आतली बॅटरी पुरीसारखी टम्म. ‘असू दे, कधी लागला तर’ म्हणून चार वर्षांपूर्वी तो मीच तिथे ठेवला होता.

फोनच्या बॅटरीत दोन लांब, पातळ पट्ट्या असतात. त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा झिरझिरीत पडदा, सोबत चटकन पेट घेणारं द्रव, आणि हे सगळं गुंडाळून एका चपट्या पाकिटात सीलबंद केलेलं. वयानुसार आणि उष्णतेने त्या द्रवाचं विघटन होतं, कार्बन डायऑक्साइडसारखे वायू सुटतात. त्यांना बाहेर पडायला वाट नसते, म्हणून पाकीट फुगतं. स्लॅबखालच्या माळ्यावर, आपल्याकडच्या उन्हाळ्यात, हे काम आणखी वेगाने होतं.

फुगलेली बॅटरी लगेच पेटतेच असं नाही. ती टोचली किंवा वाकवली की मात्र पडदा फाटतो, पट्ट्या एकमेकींना भिडतात, शॉर्टसर्किट होतं. खूप तापलेली एक पट्टी स्वतःच ऑक्सिजन सोडू लागते, त्यामुळे ही आग नुसती झाकून विझत नाही. तिच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा अतिशय घातक वायू असतो. तेव्हा असा फोन चार्जिंगला लावायचा नाही, सुई टोचून ‘हवा काढायची’ नाही. कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून घराबाहेर सावलीत ठेवायचा आणि लवकरात लवकर जाणकाराच्या हवाली करायचा. घरच्या कचऱ्यात तर मुळीच टाकायचा नाही, कारण गाडीत कचरा दाबला जातो.

उरलेल्या चारांतले बंद पडलेले तीन कबाडीवाल्याला दाखवले. त्याने एकेक उलटापालटा करून पाहिला. ‘‘चालू नाही तं वीस-वीस रुपयांच्या वर नाही भेटणार, ताई.’’

मग फोनमध्ये सोनं असतं म्हणतात, ते? असतं. जुन्या सिमकार्डाची पिवळी पट्टी बघा. तसाच सोन्याचा मुलामा फोनच्या आतल्या जोडांवर असतो, कारण सोनं गंजत नाही आणि वीज बिनबोभाट वाहून नेतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने २००६ मध्ये हिशेब मांडला होता: बॅटरी काढलेल्या सरासरी एका फोनमध्ये तांबं १६ ग्रॅम, चांदी ०.३५ ग्रॅम, सोनं ०.०३४ ग्रॅम. सराफाच्या जुन्या मापात एक गुंज म्हणजे साधारण ०.१२ ग्रॅम. म्हणजे फोनमागे सोनं पाव गुंजेच्या जरा वर. दहा ग्रॅमच्या तोळ्याला ३०० फोन लागतील.

पण हेच गणित टनात करा. टनभर फोनांत सुमारे ३०० ग्रॅम सोनं निघतं. खाणीतल्या टनभर दगडात ५ ग्रॅम सापडलं तरी ती खाण चांगली मानतात.

नागपुरातल्या इतवारीच्या सराफा ओळीसारख्या बाजारपेठांना हे गणित नवं नाही. सोनाराच्या दुकानापुढची धूळ, भट्टीची राख, नालीतला गाळ गोळा करून, धुऊन त्यातलं सोनं काढणारे ते झारेकरी. सोनं पाण्याच्या १९ पट जड, म्हणून माती वाहून जाते आणि कण तळाशी राहतात. फोनचं सोनं काढणारे मोठे कारखानेही झारेकरीच, फक्त पाण्याऐवजी ते वितळलेलं तांबं वापरतात. सर्किटचे तुकडे भट्टीत टाकले की प्लास्टिक जळून जातं आणि सोनं, चांदी, पॅलेडियम तांब्यात विरघळतात. मग त्या तांब्याच्या लाद्या आम्लाच्या टाकीत टांगून वीज सोडतात. शुद्ध तांबं समोरच्या पत्र्यावर जाऊन बसतं. सोन्याला ते जमत नाही, ते टाकीच्या तळाशी गाळ होऊन पडतं. शेवटी गाळच! बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ होबोकेनला असा एक मोठा कारखाना आहे. त्याच्या धुराड्यातून निघणारे वायूही पकडून शुद्ध करावे लागतात, आणि खर्च असतो तो तिथे.

हाच खर्च टाळून जे काम गल्लीबोळात चालतं, ते भयानक असतं. वायरी उघड्यावर जाळून तांबं काढतात. वायरींवरचं पीव्हीसी प्लास्टिक जळताना डायॉक्सिन नावाची विषारी संयुगं तयार होतात. सर्किट आम्लात बुडवून सोनं सोडवतात आणि उरलेलं आम्ल नालीत ओततात. पाव गुंज सोन्यासाठी कुणाचं तरी फुप्फुस.

अधिकृत कारखान्यातही सगळं परत येत नाही. स्पीकरच्या चुंबकातला निओडायमियम, कपॅसिटरमधला टँटलम हे धातू ऑक्सिजनला इतके घट्ट धरून बसतात की भट्टीतल्या टाकाऊ मळीबरोबर वाहून जातात. आपले नवे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि त्यात पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, हे चांगलंच झालं. पण जबाबदारी पार पाडल्याचा पुरावा म्हणून उत्पादक पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडून घेतात ती प्रमाणपत्रं सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चारच धातूंवर बेतलेली आहेत. मग निओडायमियमसाठी कोण जीव टाकणार? माझ्या मते इथे नियम थिटा पडतो.

गोळा करायचं ठरवलं तर होतं, हे जपानने दाखवलं. टोकियो ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून घडवली. त्यात ६२ लाख फोन होते. सोनं निघालं ३२ किलो.

आपल्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर परवानाधारक पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांची यादी असते. बंद पडलेले तीन आणि वाळूतला तो फुगलेला, असे चार मी त्या वाटेने लावले.

राहिला आईचा फोन, चालू. हा कुणाला तरी द्यायचा होता, आणि दान द्यायचं तर वेळेत. फोन बनवतानाच त्याचं बहुतेक प्रदूषण होऊन चुकलेलं असतं, त्यामुळे तो आणखी दोन वर्षं वापरला जाणं वितळवण्यापेक्षा केव्हाही बरं. पण सुरक्षा अपडेट थांबले, बँकेचं ॲप उघडेनासं झालं की तो देणं म्हणजे भाकड गाय दान करणं. खणात पडलेला फोन महिन्यागणिक भाकड होत जातो.

माहितीची भीती असते, ती बऱ्याच अंशी सोडवता येते. आजचे फोन सगळी माहिती कुलूपबंद स्वरूपातच साठवतात. फॅक्टरी रीसेट केलं की किल्ली नष्ट होते. आत उरतो तो अर्थहीन आकड्यांचा चिवडा. त्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढायचं आणि सेटिंगमध्ये जाऊन गूगल खातं काढून टाकायचं.

मी हे शेवटचंच केलं नाही. आई पॅटर्न विसरली होती, म्हणून बाजूची बटणं दाबून रीसेट मारलं आणि फोन आमच्या स्वयंपाकाच्या मावशींच्या मुलीला दिला. दुसऱ्या दिवशी मावशी तो पदरात गुंडाळून परत घेऊन आल्या. ‘‘ताई, हा तं आजीचं नाव मागून राहिला.’’ चोरीचा फोन कुणाला वापरता येऊ नये म्हणून असलेलं ते कुलूप. असं रीसेट मारलं की जुन्या खात्याचा पासवर्ड मागतं. आईला तो आठवेना. तीन दिवस शोधाशोध झाली. शेवटी गॅसच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशेबाखाली, तिच्याच अक्षरात सापडला.