लीना नदी

पूर्व सायबेरियातून उत्तरेकडे वाहत जाऊन आर्क्टिक महासागराच्या लाप्टेव्ह समुद्राला मिळणारी रशियातील महानदी. लांबी सुमारे ४,३०० किमी.; पाणलोट क्षेत्र जवळजवळ २५ लाख चौ. किमी. बैकल सरोवराच्या पश्चिमेकडील डोंगरांत, सरोवरापासून अगदी जवळ ती उगम पावते. पण त्याला न मिळता पाठ फिरवून निघून जाते. व्हितिम, ओल्योक्मा, अल्दान व व्हिल्युय या तिच्या प्रमुख उपनद्या. व्हिल्युयवर धरण आहे. मूळ लीनेवर मात्र एकही नाही. एवढ्या मोठ्या नदीच्या बाबतीत हे दुर्मिळच.

लीनेचा स्वभाव ठरवते ती तिच्या खोऱ्यातील कायमची गोठलेली जमीन. पाणी जमिनीत मुरत नाही आणि हिवाळ्यात झऱ्यांवाटे फारसे परतही येत नाही. त्यामुळे जाड बर्फाखाली प्रवाह अगदी क्षीण होतो, तर मे-जूनमध्ये साठलेले सारे बर्फ एकदम वितळून महापूर येतो. त्यातून नदी उत्तरवाहिनी. दक्षिणेत बर्फ फुटते तेव्हा खालच्या अंगाला पात्र गोठलेलेच असते. वाहत आलेले हिमखंड तिथे अडकून बांध घालतात व मागे पाणी तुंबते. मे २००१ मध्ये अशाच बांधामुळे लेन्स्क शहर उद्ध्वस्त झाले. तो फोडण्यासाठी विमानांतून बॉम्ब टाकावे लागले.

१६३२ मध्ये वसलेले याकुत्स्क हे तिच्या काठचे सर्वांत मोठे शहर. पुलाअभावी तेथे उन्हाळ्यात फेरीबोटी चालतात, तर हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरूनच मालमोटारी जातात. बर्फ धरताना व फुटताना मात्र दोन्ही वाटा बंद पडतात. शहराच्या वरच्या अंगाला काठाकाठाने कँब्रियन काळातील (सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या) चुनखडकाचे उंच सुळके उभे आहेत. हे ‘लीना स्तंभ’ २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आले.

खोऱ्यात मुख्यतः लार्च वृक्षांची तैगा (उत्तरेच्या थंड पट्ट्यातील सूचिपर्णी) अरण्ये आहेत. लार्च सूचिपर्णी असूनही थंडीपूर्वी पाने गाळतो, आणि त्याची मुळे उन्हाळ्यात वितळणाऱ्या वरच्या पातळ थरातच पसरतात. मुखाकडे झाडे विरळ होत टंड्रा हा वृक्षहीन, अतिथंड प्रदेश लागतो. तिथला सुमारे ३०,००० चौ. किमी.चा त्रिभुज प्रदेश असंख्य फाटे, बेटे व तळ्यांनी भरलेला आहे. वर्षातील बहुतेक महिने गोठलेली ही भूमी छोट्याशा उन्हाळ्यात हंस, हंसक व पाणथळीतल्या इतर पक्ष्यांच्या विणीने गजबजते. तिच्या रक्षणासाठी १९८५ मध्ये तेथे राखीव निसर्गक्षेत्र स्थापन झाले.