स्वायत्तता

स्वायत्तता : आपल्याविषयीचे निर्णय आपल्याच अखत्यारीत असण्याची स्थिती. ही संज्ञा व्यक्ती, संस्था आणि राज्य या तिघांनाही लावतात. स्वायत्त महाविद्यालय, स्वायत्त मंडळ हे आजचे वापर परिचित असल्याने या नोंदीत शब्दाचा इतिहास आणि बडोदे संस्थानात त्याला आलेला अर्थ यांवर भर दिला आहे.

संस्कृत ‘आयत्त’ म्हणजे अधीन, हातातला. ‘वेणीसंहार’ नाटकातील कर्णाच्या ‘दैवायत्तं कुले जन्म मदायत्तं तु पौरुषम्’ या ओळीत तो दोनदा येतो. म्हणजे स्वायत्त हाही एक प्रकारे अधीनच, मात्र स्वतःच्या अधीन. याच अर्थाच्या ‘ऑटोनोमिया’ या ग्रीक शब्दात (‘ऑटोस’ स्वतः, ‘नोमोस’ कायदा) भर कायद्यावर आहे. तो इ.स.पू. पाचव्या शतकात रूढ झाला असावा. नगरराज्यांचे पूर्ण स्वातंत्र्य असा त्याचा अर्थ काहींनी लावला आहे. परंतु बड्या मित्रराज्यांच्या छायेतील दुबळ्या नगरांनी घरातला कारभार तरी आपल्या हाती राहावा म्हणून तो पुढे केला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. इ.स.पू. 386 च्या सुमाराच्या तहात ग्रीक नगरांना स्वायत्ततेची हमी मिळाली ती इराणच्या सम्राटाकडून, हेही या मताला पोषक आहे. व्यक्तीला हे विशेषण लावल्याचे एक जुने उदाहरण सॉफोक्लीझच्या ‘अँटिगनी’ या ग्रीक नाटकात आढळते, राजाज्ञा मोडून मृत्यूकडे चाललेल्या नायिकेला उद्देशून वृंद (कोरस) ते वापरतो. नीतिशास्त्रात त्याला मध्यवर्ती स्थान दिले जर्मन तत्त्वज्ञ कांटने (1785) : बुद्धीने स्वतःला घालून दिलेला नियम पाळणे म्हणजे स्वायत्तता.

जुन्या मराठी कारभारात या अर्थाजवळ जाणारे शब्द ‘अखत्यार’ आणि ‘मुखत्यारी’. दोन्ही एकाच अरबी धातूपासून आलेले. दुसरा आज कुलमुखत्यारपत्रात उरला आहे, आणि तेथे तो दुसऱ्याने सोपवलेला अधिकारच सांगतो. ‘स्वराज्य’ हा शब्द मोगलांकडून मिळालेल्या 1719 च्या सनदांत चौथाई-सरदेशमुखीच्या पंक्तीला बसतो. तेथे त्याचा अर्थ ठरावीक मुलखावरचा अंमल, असा बराचसा महसुली आहे.

बडोदे संस्थान 1802 व 1805 च्या करारांनी कंपनीच्या तैनाती फौजेच्या छत्राखाली आले. अंतर्गत कारभार गायकवाडांचा, पण तो कोठे संपतो हे ठरवणे रेसिडेन्सीच्या, म्हणजे दरबारातील इंग्रज प्रतिनिधीच्या (रेसिडेंटच्या) कचेरीच्या, हाती. ही मर्यादा 1875 मध्ये उघड झाली. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात विष घातल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर आला. चौकशीसाठी सहा जणांचे मंडळ बसले. तीन इंग्रज सदस्यांना आरोप सिद्ध वाटला. जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव यांना तो तसा वाटला नाही. तरीही मल्हारराव पदच्युत झाले, आणि कारण देण्यात आले ते विषाचे नव्हे, गैरकारभाराचे. पुढे मल्हाररावांचे दिवंगत बंधू खंडेराव यांच्या पत्नी महाराणी जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि कवळाण्याचा गोपाळराव 27 मे 1875 रोजी सयाजीराव (तिसरे) झाला. वारस दत्तक घेण्यासही वरची संमती लागे, यावरून या स्वायत्ततेचे माप कळते.

सयाजीरावांनी (कारकीर्द 1875–1939) मिळालेल्या मोकळिकीचा वापर बहुतांशी प्रजेच्या खासगी जीवनात कायदा नेण्यासाठी केला. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण अमरेली भागात 1893 पासून आणि संस्थानभर 1906 पासून आले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होई. हिंदू स्त्री-पुरुषांना घटस्फोटाची वाट देणारा कायदा 1931 चा. देशभरासाठी तशी तरतूद 1955 मध्ये झाली. राजकीय सहभागाच्या बाबतीत हात आखडता होता. धारासभेचे (संस्थानच्या विधिमंडळाचे) स्वरूप प्रामुख्याने सल्लागाराचे राहिले, आणि 1916 मध्ये स्थापन झालेल्या प्रजामंडळाने पुढे जबाबदार राज्यपद्धतीची मागणी धरली.

12 डिसेंबर 1911 च्या दिल्ली दरबारात सयाजीरावांनी पंचम जॉर्जपुढे एकदाच लवून पाठ फिरवली. तो जाणूनबुजून केलेला अवमान की गोंधळ, यावर आजही एकमत नाही. त्यांनी व्हाइसरॉयला लिहिलेले दिलगिरीपत्र दुसऱ्या पक्षाचे बळ वाढवते. पण दडपणाखालील पत्राला किती पुरावा मानावे, हा प्रश्न उरतोच. याच दरबाराच्या सुमारास त्यांची कन्या इंदिराराजे हिने ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेला विवाह स्वतः पत्र धाडून मोडला. बालविवाहाविरुद्ध कायदा करणाऱ्या आणि पुढे (1927) अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या या घराला मुलीची पसंती पचवायला वेळ लागला. तिचा विवाह कूचबिहारच्या जितेंद्रांशी 1913 मध्ये लंडनला झाला.

त्याच वर्षी बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार ते 1917 मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. दिवसाचा उरलेला वेळ त्यांनी कमाटीबागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. त्यांना नेमण्याचा अधिकार दरबाराला होता. दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या कोणा घरमालकाचे दार उघडवण्याचा मात्र कोणी वापरला नाही.

महाराजा सयाजीराव विद्यापीठ संस्थानच्याच अधिनियमाने 30 एप्रिल 1949 रोजी स्थापन झाले आणि दुसऱ्या दिवशी, 1 मे रोजी, बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. राज्य गेले तरी विद्यापीठ पुढे सात दशकांहून अधिक काळ त्याच कायद्यावर चालले. गुजरातच्या 2023 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने तो रद्द झाला. सीनेट व सिंडिकेट या विद्यापीठाच्या कारभारी मंडळांच्या जागी व्यवस्थापन मंडळ आले.