पवनचक्कीखाली पक्षी मेलेला सापडला तर तक्रार कुठे करायची, कोण करू शकतं, कागद काय लागतात

सातारा, सांगली, धुळे, नंदुरबारकडच्या पठारांवर पवनचक्क्या येऊन आता बरीच वर्षं झाली. घारी-गरुड पहिल्यासारखे दिसत नाहीत ही तिथल्या गुराख्यांची तक्रार नुसती म्हणायची गोष्ट नाही. बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संशोधन संस्थेच्या संशोधकांनी साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर अभ्यास केला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट होते, आणि पवनचक्क्या असलेल्या भागात हे पक्षी सरड्यांना कमी मारत असल्यामुळे सरडे वाढले होते. म्हणजे प्रश्न खरा आहे, पण निवेदन घेऊन थेट कलेक्टर ऑफिसला गेलं की ते फिरत फिरत शेवटी वनविभागाकडेच येतं आणि तोपर्यंत पठारावर पुरावा म्हणून पिसंही उरत नाहीत.

आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं चुकतं. पवनऊर्जा प्रकल्प २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेच्या यादीत नाहीत, त्यामुळे खाजगी जमिनीवर पवनचक्की उभी करायला पर्यावरण मंजुरी लागत नाही आणि जनसुनावणीही होत नाही, प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत तर त्या पांढऱ्या गटात आहेत, म्हणजे सगळ्यात कमी प्रदूषण करणाऱ्या उद्योगांत. धूर नाही, सांडपाणी नाही, हे बरोबरच आहे. पण पक्ष्यांचं काय हा प्रश्न सरकारी फॉर्मवर सहसा दोनच वेळा येतो, एक म्हणजे जमीन वनखात्याची असेल तेव्हा, आणि दुसरं म्हणजे जागा अभयारण्यात, व्याघ्र प्रकल्पात किंवा त्यांच्या इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये, म्हणजे भोवतालच्या संवेदनशील पट्ट्यात असेल तेव्हा. त्यामुळे टॉवर जमिनीच्या कुठल्या गट नंबरात आहे ते आधी काढा. सातबारा ऑनलाइन मिळतो, गट नंबर तलाठ्याकडूनही कळेल.

आता पक्षी सापडला तर. हात लावू नका, उचलून घरी आणू नका, पिसं तर अजिबात घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३९ नुसार मेलेला संरक्षित पक्षी ही सरकारी मालमत्ता असते आणि ती ताब्यात आली तर ४८ तासांत कळवावं लागतं, म्हणजे चांगलं करायला जाऊन तुम्हीच अडचणीत यायचे. फोटो काढा, जीपीएस आणि वेळ दाखवणारं ॲप वापरा, एका फोटोत पक्षी आणि टॉवर दोन्ही येऊ द्या, टॉवरवरचा नंबर वेगळा घ्या. मग १९२६ या वनविभागाच्या टोल फ्री नंबरवर फोन करा आणि त्याच दिवशी वनक्षेत्रपालांच्या (तालुक्याच्या वन अधिकाऱ्याच्या) नावाने साध्या कागदावर अर्ज द्या, आवक नंबर आणि शिक्का मारलेली पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा, हे मी शंभरदा सांगेन. अर्जात पंचनामा करावा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदन करून घ्यावं अशी स्पष्ट मागणी लिहा, कारण पात्याचा मार, विजेचा शॉक आणि विषबाधा यातला फरक तिथेच कळतो. तालुक्याच्या ऑफिसात कोणी दाद देत नसेल तर त्यांच्या वरच्या उपवनसंरक्षकांना तोच अर्ज पाठवा, जिल्ह्याच्या मानद वन्यजीव रक्षकांना प्रत द्या.

तक्रार कोणीही करू शकतं, जमीन तुमची असायला पाहिजे असं काही नाही. कागद म्हणाल तर अर्ज, फोटोंच्या प्रिंट, गट नंबर किंवा लोकेशन, आधारची झेरॉक्स, आणि सोबत कोणी असेल तर त्यांचं नाव आणि सही. पक्ष्याची जात माहीत असेल तर लिहा, माळढोक, तणमोर, गिधाडं हे वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट एक मध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीत येतात त्यामुळे प्रकरणाला वजन येतं. माहीत नसेल तर अंदाजे नाव टाकू नका, चुकीचं नाव पडलं की समोरचा वकील तेवढंच धरून बसतो.

यानंतर माहिती अधिकार (आरटीआय), आणि माझ्या मते खरं काम इथेच होतं. अर्ज भारतीय नागरिकाने स्वतःच्या नावाने करायचा, संस्थेच्या किंवा गावातल्या मंडळाच्या लेटरहेडवर नको. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर भरा, दारिद्र्यरेषेखालचं प्रमाणपत्र जोडलं तर फी माफ. महाराष्ट्राच्या नियमात एक अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा असतो, म्हणून एक अर्ज उपवनसंरक्षकांकडे आणि वेगळा महाऊर्जाकडे, म्हणजे राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेकडे. "पक्षी का मरतात" असलं विचारू नका, कारणं देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, कागदाच्या प्रती मागा. वनजमीन वळती करण्याच्या, म्हणजे दुसऱ्या कामाला वापरण्याच्या मंजुरीचं पत्र अटींसकट, वन्यजीव मंजुरी घेतली असेल तर तिची प्रत, अटी पाळल्याचे अहवाल, आणि गेल्या पाच वर्षांतले पक्षीमृत्यूचे पंचनामे. अटी नीट वाचा, वनजमिनीवरच्या पवनचक्क्यांना पक्षी धडकू नयेत म्हणून पात्याच्या टोकांना केशरी रंग द्यायची अट असते आणि ती पाळलीय का हे रस्त्यावर उभं राहूनसुद्धा दिसतं. (नॉर्वेत तीनपैकी एक पातं काळं रंगवून बघितलं तर मृत्यू बरेच कमी झाले होते, चारच टर्बाइनवरचा प्रयोग होता पण रंगाचा डबा किती महाग असणार.)

अर्जात तारांची माहितीही मागा, हे लोक हमखास विसरतात. टर्बाइनपासून सबस्टेशनपर्यंत जी लाइन जाते ती कोणत्या मार्गाने, किती केव्हीची, बर्ड डायव्हर्टर, म्हणजे पक्ष्यांना तार दिसावी म्हणून लावतात त्या खुणा, लावलेत का. माळढोक वाचवायचं कोर्टातलं सगळं प्रकरण तारांवरच पेटलं, वजनदार पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, तार दिसेपर्यंत वळायला वेळच उरत नाही. राजस्थान-गुजरातमधल्या त्याच प्रकरणात सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घालायचा आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञ समिती नेमली.

३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच ऑफिसच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग, तिथे मात्र धीर धरावा लागतो.

आता कोर्टाचं. लोक म्हणतात राष्ट्रीय हरित लवादात (पर्यावरणाच्या खटल्यांच्या खास न्यायालयात) जाऊ, पुण्यातच बेंच आहे, आणि अर्जाची फी १००० रुपये, वकील नसला तरी स्वतः उभं राहता येतं, हे सगळं खरं. पण लवाद ज्या कायद्यांखाली चालतो त्या यादीत वन्यजीव कायदा नाहीच! म्हणून नुसता "पक्षी मारले" असा अर्ज टिकणं अवघड, त्यात वनजमिनीच्या अटी मोडल्या किंवा पर्यावरण संरक्षण कायद्याचा भंग झाला असं दाखवावं लागतं, आणि ते दाखवायला वरचे आरटीआयचे कागद लागतात. मुदत घटना पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिने, योग्य कारण असेल तर आणखी ६० दिवस. म्हणून आरटीआय टाकून आरामात बसू नका, अपिलात वेळ गेला की मुदत संपते.

वन्यजीव कायद्याखालीच जायचं असेल तर कलम ५५ प्रमाणे सरकारला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला किमान ६० दिवसांची नोटीस देऊन कोणताही माणूस स्वतः मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करू शकतो. यात एक मोठी मेख आहे, पात्याला धडकून मेला म्हणजे शिकार झाली असं कायद्यात सरळ लिहिलेलं नाही, त्यामुळे ही वाट वकिलाला विचारूनच धरा. हायकोर्टात जनहित याचिका हा शेवटचा पर्याय, सातारा-सांगली-सोलापूरवाल्यांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच जवळ पडतं, धुळे-नंदुरबारकरांना औरंगाबाद खंडपीठ.

प्रकल्प अजून यायचा असेल तर सगळं सोपं आहे, परिवेश या केंद्र सरकारच्या पोर्टलवर वन आणि वन्यजीव मंजुरीचे प्रस्ताव नकाशासकट बघता येतात, तालुक्याचं नाव टाकून अधूनमधून बघत राहा. प्रस्ताव दिसला की घरटी, पाणवठे, गिधाडांचे कडे यांच्या फोटो-लोकेशनसह हरकत उपवनसंरक्षकांना आणि नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर जोडा.