बुरशीच्या एन्झाइमचा क्रम : नमुना देण्याआधी वाचा

नाशिकच्या वायनरीत आणि रसाच्या कारखान्यात पेक्टिनेज, म्हणजे फळातलं पेक्टिन तोडून रस निवळवणारं एन्झाइम, रोजचंच. ते बहुधा ॲस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीपासून मिळतं. नवा डबा उघडला आणि रस निवळेना, की प्रश्न येतो : आतलं एन्झाइम, म्हणजे ते प्रथिन, तेच आहे का? आमचा सल्ला, आधी साधी सक्रियता चाचणी करून घ्या. ती स्वस्त असते आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. प्रथिनच वेगळं असल्याची शंका उरली, तर प्रथिनाच्या साखळीतल्या अमिनो आम्लांचा क्रम वाचायला हवा.

डब्यावर ‘पेक्टिनेज’ एवढंच लिहिलेलं असलं, तरी आत पॉलिगॅलॅक्टुरोनेज, पेक्टिन लायेज अशी अनेक एन्झाइम्स असतात. म्हणून नमुना जेलवर चालवतो, त्यात प्रथिनं वेगळी होऊन रंगाने निळ्या पट्ट्या दिसतात, आणि हवी ती निळी पट्टी कापून घेतो. मग ट्रिप्सिन हे प्रथिन तोडणारं एन्झाइम घालतो. ते लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढे साखळी तोडते. तुकड्यांचं वस्तुमान मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजून आतली अमिनो आम्लं ओळखता येतात, पण कोणता तुकडा कोणामागे, हे त्यावरून कळत नाही. समजा, एक तुकडा ग्लायसिन-लायसिनवर संपतो आणि दुसरा सेरीन-व्हॅलिनने सुरू होतो. नमुन्याच्या दुसऱ्या भागावर वेगळ्या जागी तोडणारं कायमोट्रिप्सिन चालवलं आणि त्यात ग्लायसिन-लायसिन-सेरीन-व्हॅलिन सलग मिळालं, की सांधा पक्का. म्हणूनच एकाच एन्झाइमने तोडून काढलेला ‘पूर्ण क्रम’ आम्ही देत नाही.

ल्युसिन आणि आयसोल्युसिनचं वस्तुमान अगदी सारखं, त्यामुळे साध्या मोजणीत फरक कळत नाही. अहवालात तिथे आम्ही ‘ल्युसिन किंवा आयसोल्युसिन’ असंच लिहितो. पेर एडमन यांनी १९५० मध्ये मांडलेल्या पद्धतीने टोकाकडून एकेक आम्ल सोडवलं, तर हा फरक कळतो. मात्र टोकाचं ग्लुटामिन हे आम्ल स्वतःशीच जुळून त्याचं कडं झालेलं असेल, तर ती पद्धत पहिल्याच पायरीवर अडते.

प्रथिनाचा पूर्ण क्रम पहिल्यांदा वाचणारे फ्रेडरिक सँगर यांनी वाचलेल्या इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं होती. ॲस्परजिलस ओरायझी या बुरशीच्या टाका-अमायलेज या स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइममध्ये ४७८ आहेत. शिवाय बुरशीच्या एन्झाइम्सना साखरेच्या साखळ्या चिकटलेल्या असतात, त्या आधी काढाव्या लागतात. म्हणून घाई करू नका.

नमुना हाताळताना हातमोजे घालाच. उघड्या बोटांवरचं, केसांतलं केराटिन हे प्रथिन नमुन्यात मिसळतं आणि तुमच्या एन्झाइमऐवजी तेच ठळक दिसतं. नमुना बर्फात ठेवून आणा. डब्याचा बॅच क्रमांक आणि त्यात मिसळलेल्या इतर पदार्थांची यादी सोबत द्या.