लाल तेलाची वंशावळ

जळगाव-भुसावळकडच्या गॅरेजांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाला नुसतं ‘लाल तेल’ म्हणतात. पावर स्टिअरिंगच्या टाकीत ओततात तेच जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समध्येही चालतं, असा समज आहे. तो अगदीच चुकीचा नाही, पुष्कळ स्टिअरिंगमध्ये डेक्सरॉन, म्हणजे जनरल मोटर्सचं गिअरबॉक्सचं तेल, चालतंच. पण लाल हा नुसता रंग. गळती इंजिनची की गिअरबॉक्सची हे कळावं म्हणून घातलेला. खरा गुण आहे तो घर्षणाचा.

जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला आणि १९४९ साली ‘टाइप ए’ तेल आलं. या गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटा तेलात बुडून चालतात. म्हणजे एकाच तेलाने गिअर निसरडे ठेवायचे आणि प्लेटांना पकडही धरू द्यायची. फोर्डच्या ‘टाइप एफ’ तेलाची पकड कडक, झटक्याची, १९६७ च्या सुमाराच्या डेक्सरॉनची मऊ, हळुवार. एकाच्या जागी दुसरं घातलं की गाडी हिसके देते नाहीतर घसरते.

हा मऊपणा बऱ्याच अंशी स्पर्म व्हेलच्या तेलातून यायचा. सत्तरीच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि बदली रसायनं शोधावी लागली. सुरुवातीच्या डेक्सरॉन-२ मुळे हे तेल गार करणाऱ्या कूलरच्या डाकालाच गंज धरला, तेव्हा गंजरोधक घालून ‘२-डी’ काढावं लागलं. व्हेल वाचला आणि कूलर गळू लागला, असा तो हिशेब! आपल्याकडच्या रेडिएटरवाल्याने पितळी टाकीला डाक मारताना ही गोष्ट आठवावी. कूलर त्याच टाकीच्या पोटात असतो. तो फुटला की तेल आणि कूलंट मिसळून डिपस्टिकवर, म्हणजे तेल मोजायच्या सळईवर, गुलाबी लस्सी दिसते. मग तेल बदलून भागत नाही, प्लेटांचं अस्तर सुटलेलं असतं.

पोटातला हा कूलर अमेरिकेत थंडीत तेल लवकर कोमट व्हावं म्हणूनही सोयीचा होता. खानदेशात मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, एसी चालू असतो, आणि चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) तेल तापवत राहतो. ८० अंशांच्या वर दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं, असा जुना ठोकताळा आहे. म्हणून रेडिएटरनंतर, त्याच ओळीत, एसीच्या कंडेन्सरपुढे छोटा हवेवर चालणारा कूलर जोडणं इथे मला चैन वाटत नाही. जानेवारीत तेल फार गार होण्याची काळजी डेट्रॉइटवाल्यांनी करावी.

निवडीचं म्हणाल तर डिपस्टिकवर किंवा पुस्तिकेत काय लिहिलंय ते आधी पाहा. जुनी लान्सर किंवा अॅक्सेंट असेल तर ‘एसपी’ घराण्यातलं तेल, टोयोटाला ‘टी-४’, होंडाचं स्वतःचं वेगळंच. डेक्सरॉन-३ हे नाव वापरायचे जनरल मोटर्सचे परवाने २००६ अखेर संपले. आज डब्यावर ते नाव दिसलं तर तो दावा फक्त डबा भरणाऱ्याचा. त्याच्या जागी २००५ मध्ये आलेलं डेक्सरॉन-६ जनरल मोटर्सच्या जुन्या गिअरबॉक्समध्येही चालतं, पण ते ‘एसपी’वाल्या गाडीसाठी नव्हे.

आमच्या ओळखीचा धुळ्याचा मिस्त्री डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर टेकवतो, वास घेतो. लालसर डाग पसरला तर काही बोलत नाही. तपकिरी आणि करपट असला तर म्हणतो, “भाऊ, तेल जयी गय.” म्हणजे जळून गेलं.